काकांचा डंक घेण्याआधी

चि.स अनेक आशीर्वाद.

लालबागचा मिरची कांडपाचा गाळा काका तुला देऊ करतायत, हे ऐकून बरं वाटलं. फोनवरचं तुझं एक वाक्य मात्र खटकलं. ‘माळकरी माणूस, त्यांच्याकडे हिशेब काय मागायचा?’ अरे, मागायचाच!

काका एकादशीला डंक, म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र, बंद ठेवतात. वर्षाला 24 दिवस, अधिक महिन्याच्या साली 26. शिवाय आषाढी वारीला तीनेक आठवडे कुलूप. पण वारी जड जात नाही, तोवर पाऊस लागलेला असतो आणि घरोघरचा मसाला बरण्यांत बसलेला असतो. जड जातात त्या चैत्र-वैशाखातल्या एकादश्या. कडक वाळवलेल्या मिरच्या घेऊन आलेली गिऱ्हाइकं दारावरून परत फिरतात. तेवढे दिवस कागदावर मांडून बघ. काकू सकाळपासून खडा मसाला भाजायला बसतात, त्यांचा पगार वहीत कुठेच नाही. काकांचाही नाही. तुला तिथे माणूस ठेवावा लागेल. त्याचा पगार वजा करून जो नफा उरेल, त्यावर किंमत बोल.

मी गिरगावात छापखाना घेतला तेव्हा असाच भुललो होतो. देवभोळा मालक, कागद जेमतेम. ताबा घेऊन महिना झाला नाही तोच जुना कंपोझिटर समोर उभा. मुलीच्या लग्नाला पैसे द्यायचा शब्द मालकांनी दिला होता म्हणे. शब्द खराच होता, मीच विचारलं नव्हतं. दिले. काकांनी कुणाकुणाला काय कबूल केलंय, कुणाची मिरची फुकट कुटतात, हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून घे.

कागदांचं थोडक्यात. गाळा पागडीचा, म्हणजे जुन्या भाडेपद्धतीचा आहे, तेव्हा घरमालकाची लेखी संमती आणि त्याचा वाटा आधी ठरव. काकांचा जीएसटी नंबर असेल तर तो त्यांच्या पॅनवरचा, तुला मिळणार नाही. जुनी थकबाकी मात्र धंदा घेणाऱ्याच्याही गळ्यात पडते. खाद्य परवानाही तुझ्या नावाने नवा काढावा लागेल. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. आपण आपली वाचून घ्यावीत.

मी तिथे मसाला कुटायला गेलो होतो. कुटून झाल्यावर काकांनी उखळाच्या कडा ब्रशने झाडल्या आणि शेवटची चिमूटसुद्धा आमच्या डब्यात टाकली. माणसं परळ-शिवडीहून येतात ती त्यासाठी. ते तुला जमेल, जमायलाच हवं. एकादशी पाळणं कदाचित जमणार नाही. मग नव्या पाटीवर ‘वारकरी परंपरा’ वगैरे रंगवू नकोस, आणि सीझनमध्ये एकादशीला डंक चालू ठेवणार असशील तर इसार देण्याआधी काकांना तसं तोंडावर सांग. कदाचित ते नाही म्हणतील. म्हणू देत.

उद्या एकादशी. परवा सकाळी जा, रांग लागायच्या आत.