‘चिकाटी’ की ‘धीर’? चढणीवर अडलेला एक शब्द

प्रश्न थोडक्यात असा. एका वाचकाने आपल्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुणांसाठी छोटे मनन लिहिले आहे. त्यात डोंगरावरचे तीन अनुभव आहेत: संपतच नाही अशी वाटणारी चढण, मध्येच पावसाने एका कपारीत अडकवून ठेवलेला दीड तास, आणि खडकाच्या फटीत उगवलेले एक रोप. तिन्हींवरून ख्रिस्ती जीवनातल्या ‘पर्सिव्हिअरन्स’कडे ते वळतात आणि त्यासाठी सगळीकडे ‘चिकाटी’ लिहितात. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी वाचून सांगितले, शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलमध्ये, ‘धीर’ आहे, तोच ठेवा. वाचकाला ‘धीर’ मिळमिळीत वाटतो. धीर धरणे म्हणजे हातावर हात ठेवून वाट बघणे, असे त्यांचे म्हणणे. मग बरोबर कोण?

माझे मत वडीलधाऱ्यांच्या बाजूने आहे, पण शास्त्रात आहे म्हणून ठेवा, एवढ्या कारणावर नाही. आणि ‘चिकाटी’लाही या लेखात एक जागा आहे, ती शेवटी सांगतो.

आधी घोळ कुठून आला ते पाहू. बायबलच्या नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये या ठिकाणी बहुतेक वेळा ‘हुपोमोने’ हा शब्द येतो. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने त्याला ‘पेशन्स’ म्हटले. आजची इंग्रजी भाषांतरे त्याच जागी ‘पर्सिव्हिअरन्स’, ‘एन्ड्युअरन्स’ असे शब्द घालतात. इंग्रजी बदलली तसा तिच्यावरून मराठीत विचार करणाऱ्याचा शब्दही बदलला आणि ‘पेशन्स’चा धीर ‘पर्सिव्हिअरन्स’ची चिकाटी झाला. मूळ शब्द मात्र जागचा हललेला नाही. ‘हुपो’ म्हणजे खाली, ‘मेनो’ म्हणजे राहणे. ओझ्याखाली राहणे, तिथून सटकून न जाणे.

पाठीवर सॅक घेऊन चढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पहिला अर्धा तास सॅक पाठीवर असते, नंतर ती खांद्यात असते. पट्टा एकाच जागी रुततो, तो बोटाने सरकवला की शेजारची जागा दुखायला लागते. मग आपण दर वळणाला थांबून ती उतरवतो. इथे गंमत होते. उतरवलेली सॅक पुन्हा चढवताना आधीपेक्षा जड लागते. तीनचारदा असे झाल्यावर एका चढणीवर मी ठरवले की आता थांबायचे ते सॅकसकट, उभ्यानेच, गुडघ्यांवर हात टेकून. दम खायचा, पण ओझ्याखालून बाहेर यायचे नाही. पुढे कधीतरी ‘हुपोमोने’ची फोड वाचली तेव्हा मला आठवले ते हे गुडघे.

आता ‘धीर’ मिळमिळीत आहे का? संस्कृतात ‘धीर’ हे विशेषण आहे: स्थिर, न डगमगणारा माणूस तो धीर. मराठीने त्याचे नाम केले आणि त्याला क्रियापदे जोडून दिली. धीर धरतात, धीर देतात, धीर सुटतो, धीर खचतो, कुणाला धीरच निघत नाही. ‘बसची वाट बघतोय, जरा धीर धर’ या रोजच्या वापराने शब्द पातळ झाला हे खरे. पण इब्री लोकांस पत्र १२:१ उघडून पाहा. तिथे नेमून दिलेल्या धावेवरून ‘धीराने धावावे’ असे आहे. धीराने धावायचे आहे, बसायचे नाही. वाट बघणे एवढाच धीराचा अर्थ असता तर हे वाक्य मराठीत उभेच राहिले नसते.

(त्याच वचनात सगळा भार टाकून द्यायलाही सांगितले आहे. वर मी ओझ्याखाली राहायचे म्हणालो आणि इथे ओझे टाका म्हणतात, हे कसे? ज्याने सॅक भरली आहे त्याला हे कोडे पडू नये. पाणी आणि दोरी ठेवायची, ‘असू दे, लागेल’ म्हणून कोंबलेले चार कपडे पायथ्यालाच काढायचे. भार आणि भार यांत फरक आहे. तुमच्या तरुणांना हा मुद्दा आवडेल, हवा तर घ्या.)

‘चिकाटी’ची अडचण वेगळी आहे. ती चीक, चिकट, चिकटणे या घरातली. फांदी मोडली की निघणारा चीक बोटाला लागतो आणि धुऊनही जात नाही, तसे कामाला लागून राहणे म्हणजे चिकाटी. उत्तम शब्द आहे. पण त्यात जोर आपल्या पकडीवर आहे: मी सोडत नाही, मी धरून आहे. ‘जिद्द’ आणखी एक पाऊल पुढे. तिच्या मुळाशी जो अरबी शब्द आहे त्याचा अर्थच ‘विरुद्ध’ असा. हिंदीत ती आजही हट्टाच्या जवळ आहे, मराठीने तिला गुण मानून घेतले, तरी जिद्दीला समोर कुणीतरी लागतेच, निदान डोंगर तरी.

आणि इथे मला निर्णायक वाटणारी गोष्ट येते. मराठीत धीर देता येतो. चिकाटी देता येत नाही. ‘मी त्याला चिकाटी दिली’ असे कुणी म्हणत नाही. चिकाटी दाखवतात, चिकाटी लागते, चिकाटी असते किंवा नसते. जिद्दीचेही तेच, ती फार तर पेटवता येते. धीर मात्र एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. चढणीवर पुढे गेलेला माणूस वळून ‘आलंच, एवढं वळण फक्त’ असे ओरडतो. ते खोटे असते, हे त्याला आणि आपल्याला दोघांनाही ठाऊक असते. माथा म्हणून जिथे पोचतो त्याच्या मागून आणखी एक चढ डोके वर काढतो. तरीही त्या हाकेने पाय उचलतो. जे मिळाले त्याला मराठीत धीर हाच शब्द आहे, कारण ते आपल्या आत नव्हते, बाहेरून आले.

रोमकरांस पत्र १५:५ मध्ये देवाला ‘धीर व उत्तेजन देणारा देव’ म्हटले आहे. ग्रीकमध्ये शब्दशः ‘धीराचा देव’ असे आहे. मराठी भाषांतरकारांनी ‘देणारा’ घातले आणि माझ्या मते फार चांगले केले, भाषेत जे आधीच होते तेच वापरले. त्याच पत्रातली साखळी, ‘संकटाने धीर, धीराने शील व शीलाने आशा’ (५:३-४), घ्या आणि धीराच्या जागी चिकाटी ठेवून मोठ्याने म्हणा. व्याकरण चुकत नाही, पण वाक्य यशस्वी कसे व्हावे या विषयावरच्या व्याख्यानातले वाटू लागते.

दुसरा प्रसंग, पावसाचा. कपारीत चौघे बसलेत, पाणी ओघळून पाठीवर येते आहे, एकाने मधल्या वेळात तीनदा ‘निघूया का’ विचारले आहे. इथे चिकाटी अजिबात नको, चिकटून राहण्यासारखे काही चाललेलेच नाही. इथे ‘दम धरणे’ आहे, ‘कळ सोसणे’ आहे. ‘दम’ मोठा मजेदार शब्द: श्वास या अर्थी तो फारसीतून आला, आणि निग्रह या अर्थी संस्कृतात आधीच होता (‘शम-दम’मधला). मराठीत दोघे इतके शेजारी राहिले की ‘दम धर’ म्हणताना श्वास रोखायचा की मन आवरायचे हे सांगता येत नाही, आणि सांगायची गरजही पडत नाही.

शिवाय त्या कपारीत पाऊस सोसणे सोपे होते, तीनदा विचारणारा सोसणे अवघड होते, असे तुम्हीच लिहिले आहे. ते वाक्य काढू नका. माणसांना सोसण्यासाठी ग्रीकमध्ये बहुधा दुसरा शब्द येतो, ‘माक्रोथुमिया’: राग लवकर न येऊ देणे, मनाचा उकळबिंदू लांब ठेवणे. गलतीकरांस पत्र ५:२२ मधल्या आत्म्याच्या फळात मराठीत ‘सहनशीलता’ आहे ती हीच. तेव्हा या परिच्छेदात तो शब्द नेमका बसेल. वाटणी अगदी काटेकोर मात्र नाही. याकोब ५:७ मधला शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसासाठी ‘धीर धरतो’, तिथे ग्रीकमध्ये माक्रोथुमियाचेच क्रियापद आहे, आणि पावसावर कोण रागावणार!

रोपाबद्दल थोडक्यात. ‘खडकातल्या रोपाची चिकाटी’ हे वाक्य इतक्यांनी लिहिले आहे की ते वाचताना डोळे पुढे सरकतात. पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळीवरचे रोप झटपट उगवते आणि मूळ नसल्याने वाळून जाते, हे तुमच्या श्रोत्यांना माहीत असणार. कुणी विचारले तर तुमचे रोप अडचणीत येईल. चांगल्या जमिनीतले लोक मात्र ‘धीराने’ फळ देतात (लूक ८:१५), पुन्हा तोच हुपोमोने. त्याचेच क्रियापद मत्तय २४:१३ मध्ये ‘टिकून राहणे’ झाले आहे. रोपासाठी मी ‘टिकणे’ घेईन. फटीत माती किती होती आणि मूळ कुठवर गेले होते हे पाहिले असेल तर तेवढेच लिहा.

एक शब्द तुम्ही वापरलेला नाही आणि तो वापरावा असे सुचवतो: ‘खचणे’. पावसानंतर उतरताना पायवाटेची कडा खचलेली दिसते. वरचे गवत तसेच हिरवे असते, कडा शाबूत वाटते, पाय ठेवला की खालची माती नाही हे कळते. माणूस खचतो तोही असाच, खालून. तुटणे किंवा मोडणे वेगळे, त्याचा आवाज होतो. गलतीकरांस पत्र ६:९ मध्ये चांगले करण्याचा कंटाळा करू नये, ‘न खचलो तर’ यथाकाळी पदरी पीक पडेल, असे आहे. ग्रीक क्रियापदाचा अर्थ सैल पडणे, ताण सुटणे असा आहे. मराठीने तिथे जमिनीचा शब्द आणला आणि पुढे पीक असल्याने तो शोभलाही. तुमचे मनन डोंगरावरचे आहे, तुम्हाला तो आयताच मिळतो.

आता चिकाटीची जागा. लूक १८ मधली विधवा न्यायाधीशाकडे खेटे घालते आणि शेवटी तो वैतागून न्याय देतो. ही चिकाटी, शंभर टक्के. तुमच्या शेवटच्या परिच्छेदात प्रार्थना सोडू नका असे सांगितले आहे, तिथे ‘चिकाटीने प्रार्थना करा’ बिनधास्त ठेवा. वडीलधाऱ्यांची तक्रार येणार नाही असे वाटते. आली तर विधवेचे नाव सांगा.

राहता राहिले तुमचे पहिले वाक्य, ‘आम्ही डोंगर सर केला.’ ‘सर करणे’ किल्ल्यांचे, जिंकण्याचे. पुढे पानभर तुम्ही लिहिता की पाय संपले होते आणि कुणीतरी धीर दिला म्हणून वर आलो. मग सर कुणी केला? ‘माथ्यावर पोचलो’ पुरे.