बर्फामुळे शाळा बंद झाली की लहानपणी होणारा आनंद मोठेपणी कुठे जातो?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत न्यू जर्सीला ताईकडे होतात, सकाळी शाळेचा फोन आला, स्नो डे म्हणून भाचे सोफ्यावर उड्या मारायला लागले आणि ताईचा चेहरा मात्र पडला, तर हे वयामुळे होतं का आणि तो आनंद परत कधी येतो का. मी मॅसॅच्युसेट्समध्ये वुस्टरजवळ राहते, 2008 पासून इकडे आहे, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते आणि घरात अकरा वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे सांगू शकेन असं वाटतंय.

वयाचा भाग आहेच, नाही असं नाही. पण माझ्या मते वयापेक्षा हे जास्त महत्त्वाचं की त्या दिवशी तुम्हाला सुट्टी मिळालीय की दुसऱ्याच्या सुट्टीचं काम तुमच्यावर आलंय.

आधी मुलीचं सांगते. टीव्हीवर नुसतं दहा इंच पडणार म्हणाले की रात्री हिची तयारी सुरू, पायजमा उलटा घालायचा, उशीखाली चमचा ठेवायचा, फ्रीजरमधले बर्फाचे खडे कमोडमध्ये टाकून फ्लश करायचे. इथली सगळीच पोरं करतात हे, वर्गावर्गातून पुढे जातं, आणि एक जरी राहिलं तरी बर्फ येणार नाही अशी ठाम श्रद्धा असते. मग पहाटे सव्वापाच-साडेपाचला शाळेचा रेकॉर्डेड फोन येतो. तो यायच्या आधी शाळांचे सुपरिंटेंडंट, म्हणजे गावातल्या सगळ्या शाळांचे प्रमुख, चारच्या सुमाराला उठून गावाच्या रस्तेवाल्यांशी, शेजारच्या गावांशी बोललेले असतात, बस जाईल का, फूटपाथवरून पोरं चालू शकतील का. कधी दोन तास उशिरा, कधी पूर्ण बंद. आमच्या राज्यात वर्षाला 180 दिवस शाळा भरावीच लागते, म्हणून घेतलेली प्रत्येक सुट्टी जूनमध्ये फेडावी लागते, पण जानेवारीत जूनची काळजी कोणत्या पोराला असते!

आता माझं लहानपण डोंबिवलीचं, तिथे बर्फ कुठला, पण पावसाची सुट्टी होती आणि ती अगदी हीच गोष्ट. अर्ध्यातच शाळा सोडायचे, दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून गुडघाभर पाण्यातून मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी, मग आई कांदाभजी तळणार आणि बाहेर कुणीतरी ओरडणार, गाड्या बंद झाल्या! ते 'गाड्या बंद' ऐकलं की आम्हाला अजून आनंद, कारण म्हणजे उद्यापण सुट्टी.

माझे बाबा रेल्वेत होते, सिग्नल खात्यात, कुर्ल्याला. रुळांवर पाणी चढलं की पॉइंट मशीन (गाडीचा रूळ बदलणारं यंत्र) आणि सिग्नल बंद पडतात, ते परत चालू करायला माणसंच लागतात, म्हणजे आमची सुट्टी सुरू झाली की बाबांची ड्युटी संपायचीच नाही. मला हे माहीत होतं हो, पण माहीत असणं वेगळं. 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा, बाबा तिसऱ्या दिवशी घरी आले. मी कॉलेजात होते. त्यांनी दारातच बसून बूट काढले, मोजे पायाला चिकटलेले, आईने कोमट पाणी घालून हळूहळू सोडवले आणि आतले पाय पांढरेफटक, बोटं धुतलेल्या कपड्यासारखी सुरकुतलेली. जेवले नाहीत, तिथेच भिंतीला टेकून झोपले. त्या दिवसापासून माझ्यासाठी पावसाची सुट्टी संपली, तेव्हा मी एकवीस वर्षांची होते.

इकडे आल्यावर बर्फाबद्दल परत लहान व्हायला मिळेल असं वाटलं होतं, पण पहिलाच हिवाळा म्हणजे डिसेंबर 2008 चं आइस स्टॉर्म. ते बर्फ नसतं, पाऊस पडतो आणि जिथे लागेल तिथे गोठतो. रात्रभर झाडांच्या फांद्या वजनाने मोडत होत्या, सुतळी बॉम्बसारखा आवाज, आणि मग आमच्या भागातली वीज कितीतरी दिवस गेली. पण त्यानंतर जानेवारीत युनिव्हर्सिटी बंद झाली तेव्हा मात्र आम्ही पाच जणी जेवणाचे ट्रे घेऊन टेकडीवरून घसरत होतो, अंधार पडेपर्यंत, मग खिचडी. शिकत असतानाचे ते दोन हिवाळे मला परत मिळालेले होते असंच मी समजते.

मग नोकरी लागली. 2015 च्या जानेवारीत एकाच वादळात वुस्टरला 34.5 इंच पडलं, तेव्हा गव्हर्नरने मध्यरात्रीपासून रस्त्यावर गाडी आणायलाच बंदी केली होती. (त्या हिवाळ्यात बॉस्टनला एकूण 110.6 इंच झालं, तो विक्रम आहे.) सगळं राज्य घरात, आणि हॉस्पिटल कसं बंद राहणार, आम्हाला आदल्या संध्याकाळीच बोलावून घेतलं. मुलगी आठ महिन्यांची होती, नवऱ्याजवळ ठेवून गेले. दोन रात्री लॅबच्या मागच्या खोलीत खाटेवर झोपले. रात्री तीनला रक्ताचे सँपल मशीनला लावताना खिडकीबाहेर बघितलं, पार्किंगमधल्या गाड्या नुसते उंचवटे झाले होते, आणि मला बाबांचे मोजे आठवले. फोन लावला, भारतात दुपार होती. काही विशेष बोललो नाही, ते म्हणाले खाल्लंस का.

आणि ड्युटी नसेल तरी मोठ्यांचा दिवस काय असतो ते ताईला विचारा. बाहेरून बघताना कापूस वाटतो, पण आमच्या ड्राइव्हवेवर, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंत गाडी आणायच्या वाटेवर, फूटभर पडलं तर मी एकदा हिशोब केला होता, भुसभुशीत असला तरी दोन टनांच्या वर वजन होतं, ओला असेल तर कितीतरी जास्त, आणि ते फावड्याने उचलून बाजूला टाकायचं. सगळं साफ केलं की रस्त्यावरून प्लाउ, म्हणजे बर्फ बाजूला ढकलणारा ट्रक, जातो आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी घट्ट ढीग लावून जातो, परत फावडं. समोरच्या घरातल्या आजी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात, त्यांना बर्फ म्हणजे घसरून पडायची भीती आणि वीज गेली तर हीटिंग जायची भीती, बस. त्यांची पायरी आम्ही आधी साफ करतो, मग आमची.

दोन वर्षांपूर्वी बाबा हिवाळ्यात आले होते, चौऱ्याहत्तर वर्षांचे, पहिल्यांदा बर्फ बघत होते. मुलीने त्यांच्याही उशीखाली चमचा ठेवला. पहाटे पाचला बघते तर माकडटोपी घालून खिडकीत उभे. मला वाटलं बर्फ बघतायत. तर ते प्लाउच्या पिवळ्या दिव्याकडे बघत होते, म्हणाले, "हा माणूस रात्री दोनपासून फिरतोय, मी मोजतोय, चौथी फेरी आहे. त्याला चहा दे." मी म्हटलं बाबा, इथे असं थांबवत नाहीत कुणाला. त्यांनी स्वतःच आलं किसून चहा टाकला, झाकणाच्या मगमध्ये ओतला आणि माझं जॅकेट घालून ड्राइव्हवेच्या टोकाला जाऊन हात वर केला. तो थांबला! काच खाली करून मग घेतला, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, दोन मिनिटं काहीतरी बोलले, हातवारे करून. आत आल्यावर बाबांच्या भुवयांवर बर्फ होता आणि इतके खूश मी त्यांना सुट्टीच्या दिवशी कधी बघितलेलं नव्हतं. मग फोन वाजला आणि वरून मुलगी किंचाळली.

तर आनंद परत येतो का, हो, माझा आला, त्या दिवशी मला ड्युटी नव्हती आणि आम्ही तिघांनी मागच्या अंगणात संध्याकाळपर्यंत काय काय केलं ते सांगत नाही, लांबेल. पण तो पूर्वीचा नाही, आता मला खिडकीतून आधी पिवळा दिवा दिसतो.

आणि एक राग आहे तो लिहिते. न्यूयॉर्क शहराने 2020-21 पासून स्नो डेच्या ऐवजी घरून ऑनलाइन शाळा सुरू केली, 2024 च्या फेब्रुवारीत इमारती बंद आणि पोरं लॅपटॉपसमोर, त्यात कित्येकांना लॉगिनच होईना. मोठ्यांचं तर लॅपटॉपमुळे आधीच गेलंय, ऑफिस बंद असलं तरी मीटिंग चालूच. पोरांचं तरी ठेवा ना, वर्षातले दोन-तीन दिवस!

तुमच्या ताईंचा चेहरा का पडला हे मला माहीत नाही, पण त्यांना एवढं विचारा की त्या दिवशी त्यांना ऑफिस होतं का, आणि ड्राइव्हवे कुणी साफ केला. पुढच्या वेळी तुम्ही तिथे असाल तर फावडं तुम्ही घ्या आणि त्यांना भाच्यांबरोबर बाहेर पाठवा.