सामायिक फाइल आणि एकटी लिहिणारी मुलगी

प्रश्न : मी आठवीला विज्ञान शिकवते. पाण्याच्या शुद्धीकरणावर सहा-सहा मुलांच्या गटांनी एकाच सामायिक ऑनलाइन फाइलमध्ये अहवाल लिहावा, असे सांगितले होते. नंतर फाइलमधील बदलांचा इतिहास उघडला, तर एका गटाचा जवळपास सगळा मजकूर एकाच मुलीने आदल्या रात्री लिहिलेला दिसला. बाकीच्यांनी शीर्षकाचा रंग बदलला आणि चित्रे चिकटवली. गुण मात्र सहाही जणांना सारखेच द्यावे लागले. असे गटकार्य बंद करावे का?

उत्तर : बंद करू नये. आपण बदलांचा इतिहास पाहिलात, हे फार चांगले केलेत. हाच अहवाल कागदी तक्त्यावर झाला असता, तर त्या मुलीची रात्र कोणाच्याच लक्षात आली नसती.

गट मोठा झाला की एकेकाचा जोर कमी होतो, हे जुने निरीक्षण आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढणाऱ्या माणसांची ताकद मोजली होती. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आकड्यांनुसार आठ जण मिळून ओढू लागले, की प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या जोराच्या निम्म्यावर येई. काही जोर ओढीचा मेळ न बसल्याने वाया जातो. पण आपला वाटा वेगळा मोजला जात नाही, हे कळल्यावर माणूस नकळत हात सैल सोडतो, हेही पुढच्या प्रयोगांत दिसले. त्यामुळे त्या पाच मुलांना आळशी म्हणण्याआधी कामाची रचना तपासावी, असे मला मनापासून वाटते. एकाने लिहिले तरी पूर्ण होईल असे काम सहा जणांना दिले, की ते एकच जण करणार.

यावर एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली अमेरिकेतील ऑस्टिन येथील शाळांत वापरलेली पद्धत आजही उपयोगी आहे. तीत धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला जातो. निरनिराळ्या गटांतील सारखा तुकडा मिळालेली मुले आधी एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात परतून इतरांना शिकवतात. आपल्या विषयात एकाकडे गाळण, दुसऱ्याकडे तुरटीने गाळ खाली बसणे, तिसऱ्याकडे क्लोरिन आणि चौथ्याकडे उकळणे द्यावे. (गट चारांचाच ठेवावा, सहा जणांत दोघे सहज मागे सरकतात.) प्रत्येकाला फक्त त्याच्याच भागाचे वाचनसाहित्य पाठवता येते, आणि इथे डिजिटल साधन खरोखर मदतीला येते. गढूळ पाणी आधी गाळ बसू न देताच क्लोरिनने का शुद्ध करू नये, असा प्रश्न अहवालासाठी ठेवला, की गाळवाल्याचे ऐकल्याशिवाय क्लोरिनवाल्याचे उत्तर पुरे होत नाही.

पहिली पाच मिनिटे संगणकाचे पडदे बंद ठेवून प्रत्येकाने वहीत एकट्याने लिहावे. फाइल लगेच उघडली, तर जलद टंकणारे मूल पहिले वाक्य लिहून टाकते आणि बाकीची त्या वाक्यामागे जातात. हळू विचार करणाऱ्या, पण नेमके बोलणाऱ्या मुलांचे यात फार नुकसान होते, आणि त्याची मला काळजी वाटते.

गुणांबाबत एक सावधगिरी बाळगावी. बदलांचा इतिहास कोणी टंकले एवढेच सांगतो, कोणी सुचवले ते सांगत नाही. शेजारी बसून वाक्य सांगणाऱ्या मुलाचे नाव त्यात कुठेच येत नाही. तेव्हा केवळ शब्द मोजून गुण देऊ नयेत. गटातील कोणालाही उभे करून दुसऱ्याच्या भागावर एक प्रश्न विचारावा. क्लोरिनवाल्याला गाळण समजावता आले, तर गटात शिकणे झाले असे समजावे. काही गुण गटाच्या अहवालाला आणि काही या तोंडी उत्तराला, अशी विभागणी कामाला सुरुवात करण्यापूर्वीच मुलांना सांगावी.

आणि त्या मुलीशी एकदा स्वतंत्रपणे बोलावे. तिने सगळे ओढून घेतले, की इतरांची वाट पाहून थकल्यावर नाइलाजाने लिहिले, हे फाइलवरून कळणार नाही. ते तिलाच विचारावे लागेल.