एकाच अडॅप्टरवर गिटारचे सगळे इफेक्ट पेडल लावले की शिट्टीसारखा आवाज येतो, काय करू?

आधी डिस्टॉर्शन पेडल (सिग्नल खूप वाढवून आवाज खरखरीत करणारं) अडॅप्टरवरून काढून ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला तर दोष पुरवठ्याचा. नाही गेला आणि गिटार हातात धरून फिरल्यावर गुणगुण कमी-जास्त होत असेल, तर ती पिकअपची (गिटारमधल्या तारांची कंपनं पकडणाऱ्या कॉइलची); अडॅप्टर बदलून उपयोग नाही.

शिट्टी असेल तर माझा संशय डिजिटल डिले किंवा रिव्हर्बवर, म्हणजे प्रतिध्वनी किंवा घुमारा देणाऱ्या पेडलवर. त्यातली चिप वीज सलग न घेता झटक्याझटक्याने ओढते. ते झटके सामायिक वायरीतून डिस्टॉर्शनपर्यंत पोचतात आणि ते बिचारं त्यांनाही इमानदारीत मोठं करतं! शिवाय ग्राउंड पॅच केबलमधूनही जोडलेलं असतं आणि पुरवठ्याच्या वायरीतूनही, म्हणजे ग्राउंडचा बंद लूप तयार होतो आणि त्यातूनही गोंगाट शिरतो.

स्वस्त उपाय म्हणजे डिजिटल पेडलला वेगळा अडॅप्टर. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पक्का उपाय म्हणजे प्रत्येक आउटपुट खरोखर आयसोलेटेड, म्हणजे ग्राउंडसकट इतरांपासून वेगळं असलेला पॉवर सप्लाय. नुसती आठ भोकं दिसली म्हणून तो आयसोलेटेड ठरत नाही, हे विकत घेताना तपासाच.

सोल्डरिंग येत असेल तर पेडलच्या आत पुरवठ्याच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्यानंतर ग्राउंडला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. साधारण १६ हर्ट्झच्या वरचा गोंगाट उतरू लागतो. ५ मिलिअँपिअर घेणाऱ्या पेडलला अर्धाच व्होल्ट कमी मिळेल. १०० मिलिअँपिअरवाल्या डिजिटल पेडलला मात्र हे चालणार नाही.

आणि पॉझिटिव्ह ग्राउंडचा (पुरवठ्याचं धन टोक ग्राउंडला जोडलेला) जुना फझ पेडल असेल तर तो एकाच अडॅप्टरच्या या साखळीत अजिबात जोडू नका, थेट शॉर्ट होईल.