जांभ्याच्या जमिनीत मुळे खाली का उतरत नाहीत?

प्रश्न (लांजा-राजापूर परिसरातून आलेल्या प्रश्नांचा आशय) : पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होऊनही भातानंतरचा वाल शेंगा भरण्याच्या वेळी करपतो आणि दोन-तीन वर्षांची काजूची कलमे फेब्रुवारी-मार्चमध्ये माना टाकतात. खोल नांगरट केल्यास उपयोग होईल का?

उत्तर : सरसकट खोल नांगरट करू नये. आधी वाल उभा असलेल्या शेतात कुदळीने दोन फूट खोल खड्डा काढावा आणि त्याची उभी बाजू नीट पाहावी. पाच-सहा इंचांखाली बहुधा एक घट्ट थर आढळेल. त्यात चाकूचे टोक सहज शिरत नाही आणि वालाची मुळे तिथपर्यंत येऊन आडवी वळलेली दिसतात. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने हा थर बनतो, आणि पॉवर टिलर त्याच्या वरूनच फिरत असल्याने तो फुटत नाही, उलट अधिक दाबला जातो. खड्ड्याच्या तळाची माती मुठीत दाबल्यावर गोळा धरत असेल, तर खाली ओल आहे, पण मुळे तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत, असे समजावे. फूटभर खोलीच्या मातीत पिकाला घेता येईल असे पाणी ३० मिलिमीटर धरले आणि पिकाची रोजची गरज ३ ते ४ मिलिमीटर मानली, तर मुळे आणखी एक फूट उतरल्यास आठ-दहा दिवस मिळतात. शेंगा भरताना तेवढे दिवस मोलाचे असतात.

मात्र हाच थर पावसाळ्यात भाताचे पाणी धरून ठेवतो. त्यामुळे मळ्याच्या (सखल भागातल्या भाताच्या) शेतात तो यंत्राने फोडण्याचा सल्ला मी देणार नाही. भात कापल्यावर नांगरणी न करता, ओल असतानाच वालाची टोकणी करावी आणि भाताची धसकटे जमिनीतच राहू द्यावीत. ती कुजल्यावर उरलेल्या पोकळ वाटांनी पुढच्या पिकाची मुळे खाली उतरतात. नेरळच्या सगुणा बागेत विकसित झालेल्या एसआरटी (सगुणा राईस टेक्निक) पद्धतीत गादीवाफ्यावर, चिखलणीशिवाय भात घेतात. मुळे जमिनीत ठेवण्याचे तत्त्व त्यातही आहे.

दुसरा अडथळा डोळ्यांना दिसत नाही. आपली तांबडी माती आम्लधर्मी असून खालच्या थरात कॅल्शियम कमी आणि विद्राव्य अॅल्युमिनियम जास्त असू शकते. अशा ठिकाणी मुळांची टोके आखूड व जाड होऊन थांबतात. पलटी नांगराने ही माती वर आणल्यास नुकसानच होते. वर टाकलेला चुना दोन-चार इंचांपलीकडे फार सावकाश उतरतो. जिप्सम पावसाच्या पाण्याबरोबर खाली जाऊन कॅल्शियम पोहोचवते आणि अॅल्युमिनियमचा त्रास कमी करते, पण जमिनीचा सामू (पीएच) वाढवत नाही, म्हणजे आम्लता कमी करत नाही. शिवाय जास्त झाल्यास मॅग्नेशियम व पालाश धुऊन नेते. म्हणून ०-१५, १५-३० आणि ३०-६० सेंटिमीटर अशा तीन थरांचे नमुने वेगवेगळे तपासून घ्यावेत व मात्रा अहवालानुसारच ठरवावी. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरदाबरोबर जिप्समही असते, हे खतांचा हिशेब करताना विसरू नये.

काजूच्या कलमांचे दुखणे बहुतेकदा खड्ड्यातच असते. सड्यावरच्या (जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या) कातळात चौकोनी खड्डा मारून माती भरली, की त्याची कुंडी होते : पावसाळ्यात पाणी साचून मुळे गुदमरतात आणि होळीपर्यंत ती कोरडी पडते. नवीन लागवडीत खड्ड्याचा तळ पहारीने फोडून भेगा मोकळ्या कराव्यात. शक्य असल्यास ओळीने सलग चर काढून त्याला उताराकडे तोंड द्यावे. भरताना वरच्या थराची माती, कुजलेले शेणखत, सुपर फॉस्फेट आणि अहवालात सांगितलेला चुना चांगला मिसळावा, कारण नंतर तळापर्यंत चुना पोहोचवण्याचा सोपा मार्ग नाही.

उभ्या कलमांसाठी पावसाच्या तोंडावर फांद्यांच्या घेराबाहेर एका बाजूला फूटभर रुंद, दीड-दोन फूट खोल अर्धगोल चर काढून त्यात गिरिपुष्पाचा पाला, पालापाचोळा व शेणखत भरावे. दुसरी बाजू पुढच्या वर्षी घ्यावी. दोन्ही बाजू एकदम खोदल्यास मुळे फार तुटतात. मोहोराच्या दिवसांत हे काम करू नये.

खाजण, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीला यातले काही लागू नाही. तिथे खालचे पाणी खारे असते आणि मुळे खोल नेणे म्हणजे ती मिठात घालणे होय. त्या शेतकऱ्यांनी बांधाची व उघाडीची (बांधातल्या पाणी सोडण्याच्या झडपेची) दुरुस्ती आधी पाहावी.