बेळगावहून मुरगाव बंदरात क्रूझ पकडायची आहे, वाटेत समुद्रकिनारा बघता येईल का?

येईल, पण क्रूझच्या आदल्या दिवशीच निघा. त्याच दिवशी निघायचं असेल तर सरळ गोव्यात उतरणारा चोर्ला घाट धरा, किनाऱ्याचा नाद सोडा.

पहाटे सहाला हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोली. घाट उतरताना दुसरा-तिसरा गियर ठेवा. सतत ब्रेकवर पाय राहिला तर ते तापतात आणि ऐन वळणावर पकड सुटते. सावंतवाडीहून वेंगुर्ला, मग शिरोडा. खरा सुंदर भाग हाच: एका अंगाला सुरूचं बन, पुढे मिठागरं, पांढऱ्या ढिगांमधून जाणारा अरुंद रस्ता. इथे घाई करू नका. जेवण वेंगुर्ल्यातच उरका.

गोव्यात शिरायला आरोंदा-किरणपाणी पूल घ्या. तेरेखोल-केरी फेरीबोट मजेची, पण ओहोटीला पाणी उथळ झालं की ती अडते. हरमल, मोरजी करून मुक्काम पणजीत. तिथून वास्को, म्हणजे मुरगाव बंदर असलेलं शहर, सुमारे तीस किलोमीटर, तरी दोन तास हाताशी ठेवा.

बोर्डिंग पासवरची वेळ गेट बंद होण्याची असते की जहाज सुटण्याची, हे नीट वाचा. लोक इथेच फसतात. मूळ ओळखपत्र हातातल्या पिशवीत असू द्या, कारण मोठ्या बॅगा आधीच ताब्यात घेतात.