रोज सकाळी सकारात्मक वाक्यं म्हटली तर मन खरंच आशावादी होतं का?

होतं, पण वाक्य आपल्याला पटणारं असेल तरच. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आत्मसन्मान आधीच कमी असलेल्यांना स्वतःची कौतुकाची वाक्यं घोकून उलट जास्त वाईट वाटलं. मन आतून 'खोटं आहे' म्हणत राहतं.

मी हे अनुभवलंय. आमचे यंत्रमाग बंद होते तेव्हा 'मी यशस्वी आहे' म्हणताना आवाजच फुटायचा नाही. मग वाक्य बदललं. सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालताना म्हणायचो, 'काल दोघांना फोन केले, आज तिसऱ्याला करीन.' हे खरं होतं, म्हणून गळ्याखाली उतरलं. अजूनही रात्री दिवसातली एक जमलेली गोष्ट चिठ्ठीवर लिहितो, आरशाच्या कडेला खोचतो आणि सकाळी दाढी करताना मोठ्याने वाचतो. चार-पाच दिवसांत काही होत नाही, महिनाभर तरी द्या.

'मी कधीच खचत नाही' असली वाक्यं मात्र टाळा. 'आज जड जातंय, तरी एवढं करीन' हे पुरेसं आहे. आणि दोन आठवडे झोप-भूक उडालेली असेल, तर नुसत्या वाक्यांवर राहू नका. डॉक्टरांना भेटा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.